पेन्सिलीत लिहिलेली वस्ती

माझ्या दोघा बाळांनो,

गेल्या रविवारी थोरलीनं फोनवर नव्या नोकरीची बातमी दिली. तुमच्या तिकडच्या नगरपालिकेत काम मिळालं म्हणाली. "आजी, लोकांच्या पत्त्यांच्या याद्या असतात ना, त्या मी साफ करते. दोनदा आलेलं, अर्धवट राहिलेलं, कशालाच न जुळणारं असं सगळं काढून टाकायचं." मी शाबास म्हटलं, जेवणाचं काय करतेस ते विचारलं आणि फोन ठेवला. मग पाणी प्यायला उठले, आणि पाणी न पिताच परत येऊन फोनजवळ बसले.

ही गोष्ट मी तुमच्या आईलाही नीट सांगितलेली नाही. ती तेव्हा चौथीत होती. एका उन्हाळ्यात तिच्या आईनं, म्हणजे मी, सरकारी वसाहतीचं पाणी भलतीकडेच पाठवलं आणि शेजारच्या बायका आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत, एवढंच तिला आठवतं. पुढं कधीतरी सांगू, असं म्हणत मी इतकी वर्षं काढली. पण आता थोरली रोज सकाळी उठून याद्या साफ करणार, आणि तिथं तिला हे कोणी सांगणार नाही. म्हणून आता लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, पण त्या माणसांचं बोलणं मला इंग्रजीत करता येईना. अडलं तर आईला विचारा.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत कारकून होते. तालुक्याचं नाव लिहीत नाही. कचेरी अजून चालू आहे, आज तिथं बसणारी माणसं वेगळी आहेत आणि यात त्यांचा काही दोष नाही.

माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले मास्तर. राज्य गेलं आणि त्यांचं शिक्षण बघता बघता बिनकामाचं झालं. त्याची धास्ती त्यांच्या मनात बसली असावी, कारण सगळ्यांचा विरोध पत्करून त्यांनी मला मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं. त्या शाळेत चौथीनंतर पेन्सिल बंद. पेन्सिलीचं ते कच्चं आणि शाईचं ते पक्कं, हे तिथं आमच्या अंगात भिनवलं गेलं. वहीत कुठं पेन्सिलीची खूण राहिली तर ती खोडरबरानं पुसून वही पुन्हा दाखवावी लागे. मला ते आवडायचं. पानाच्या दोन्ही बाजूंना सारखा समास, आकड्याखाली आकडा, शेवटी जुळलेली बेरीज. अशी पानं बघून मला बरं वाटायचं, अजूनही वाटतं.

त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा गेला होता. डोंगरपट्ट्यातल्या विहिरी संक्रांतीलाच तळाला लागल्या. जनावरं छावण्यांत गेली, नाहीतर बाजारात. गावोगावच्या सहकारी दूध संस्थांमध्ये सकाळी दहा-वीस लिटरही दूध जमेना, तेव्हा तालुक्याच्या दूध संघाचे टँकर रिकामे उभे राहिले. जिल्ह्यानं ते पाणी वाहायला मागून घेतले. कितीही धुतले तरी त्या पाण्याला आंबूस वास यायचा. पोरं त्याला ताकाचं पाणी म्हणायची आणि नाक धरून प्यायची.

कुठल्या गावाला आठवड्यात किती खेपा द्यायच्या हे आमची टंचाई शाखा ठरवत असे. ठरवत असे म्हणजे एक मोठं रजिस्टर होतं, त्यात गावं अनुक्रमांकानं लिहिलेली असत. दर सोमवारी त्यावरून चिठ्ठ्या फाडायच्या. चिठ्ठीवर अनुक्रमांक, गावाचं नाव, खेपा, सही. चिठ्ठी असेल तर ड्रायव्हर गाडी काढे. चिठ्ठी नसेल तर कुणी पाया पडलं तरी तो हलत नसे, कारण चिठ्ठीशिवाय त्याला डिझेल मिळत नसे.

हे रजिस्टर सांभाळणारे अव्वल कारकून भर उन्हाळ्यात निवृत्त झाले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. ते गेले तसा त्यांचा चार्ज माझ्याकडे आला. कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, रजिस्टरं यांची यादी त्यांनी मला मोजून दिली. जाताना म्हणाले, "बाई, हे टंचाईचं रजिस्टर तेवढं जीवापाड सांभाळा. सगळं त्याच्यातच हाय." मी हो म्हटलं. ते वडवणीला मुलाकडे राहायला गेले.

रजिस्टर उघडलं आणि मला शिसारी आली. खरंच सांगते, तोच शब्द. चहाचे डाग, दोऱ्यानं शिवलेली पानं, आणि समासात सगळीकडे पेन्सिलीची गिचमिड. कुठं बाण, कुठं नुसता आकडा, कुठं दोन अक्षरं, अर्धं पुसलेलं, त्यावर परत लिहिलेलं. मी समजले की म्हातारा माणूस समासात आकडेमोड करत बसायचा.

त्याच सुमारास दिल्लीहून दुष्काळ पाहणीचं पथक येणार असं कळलं. तहसीलदार साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. तालुक्याचं विवरणपत्र तुम्हीच करा. आणि ते रजिस्टर पथकासमोर ठेवण्याच्या लायकीचं नाही. नवीन करा."

मी तीन दिवस घरी जेवायलाही गेले नाही. नवं रजिस्टर आणलं, लाल शाईनं रेघा मारल्या, एकेक गाव निळ्या शाईत उतरवलं. समासातलं काही घेतलं नाही. पेन्सिलीचं काय उतरवायचं? खाली बेरीज केली, ती जिल्ह्याच्या आकड्याशी तंतोतंत जुळली. साहेब म्हणाले, "वा. आता कसं दिसतंय." जुनं रजिस्टर मी रद्द असा शेरा मारून रेकॉर्ड रूममध्ये पाठवून दिलं. पुढच्या सोमवारच्या चिठ्ठ्या नव्या रजिस्टरवरून फाडल्या.

गुरुवारी एक माणूस आला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मेंढरं राखणारा होता हे बघूनच कळत होतं. माझ्या टेबलापासून चार हात लांब उभा राहिला.

"बाईसाहेब, आमचा टँकर आला न्हाई ह्या सोमवारी."

"कुठलं गाव?"

त्यानं गाव सांगितलं आणि म्हणाला, "गाव न्हाई, वरचा माळ. आमची वस्ती हाय तिथं."

मी रजिस्टर पाहिलं. ते गाव होतं, त्याच्या खेपा होत्या, त्या गेल्याही होत्या. माळाची वस्ती नव्हती. मी बोट ठेवून एकेक ओळ पाहिली, कारण मी काम नीट करत असे. "तुमच्या वस्तीची नोंद नाही," मी म्हटलं.

"म्हंजी?"

"कागदात नाही तुमची वस्ती."

"आधी येत व्हता की टँकर. दर हप्त्याला येत व्हता."

"आला असेल चुकून. इथं नाही."

तो जरा हसला. "कागदात न्हाई तर मी कुठून आलो मंग, बाई?"

शेजारच्या टेबलावरचा कारकून खो खो हसला. मलाही हसू आलं. मी म्हटलं, खालच्या गावात टँकर येतो, तिथून न्या. तो म्हणाला, गाव तीन कोस आहे, आणि गावकऱ्यांचं भरून उरलं तर आम्हाला, तेही घराला एक घागर. मी म्हटलं, सरपंचाला भेटा. अर्ज द्या. तलाठ्याचा शिक्का आणा. हे सगळं मी अगदी सभ्यपणे बोलले. त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली, रामराम केला आणि गेला. मी पुढच्या कागदाकडे वळले.

त्याचा चेहरा मला अजून दिसतो. रागावलेला असता तर एक वेळ विसरले असते. तो विचारात पडला होता. आपण कागदात नाही म्हणजे नेमकं काय झालंय, याचा विचार करत पायऱ्या उतरला.

पुढचा आठवडा विवरणपत्र टाइप करण्यात गेला. पुढच्या गुरुवारी दुपारी दूध संघाचा एक ड्रायव्हर चिठ्ठी घ्यायला आला. वयानं मोठा, सगळे त्याला मामा म्हणत. चिठ्ठी घडी करून खिशात घातली, पण गेला नाही.

"बाई, एक इचारू का? रागवू नका."

"विचारा की मामा."

"त्या मेंढक्याच्या माळाची खेप कावून बंद केली?"

"कुठल्या?"

"वरच्या. मी समजलो गेले असतील मेंढरं घिऊन खाली गोदावरीकडं. दरसाल जात्यात. पर औंदा खाली बी चारा न्हाई, तर ते परत आलते ना. काल मी घाटातनं येताना बायका बघितल्या त्यांच्या. नाल्यात झिरा खांदून वाटीवाटीनं पाणी भरत व्हत्या. लई घाण पाणी, बाई. वर मेलेलं मेंढरू पडलेलं."

मी म्हटलं, "पण रजिस्टरात ती वस्ती नाही."

"मला काय ठावं. भाऊसाहेब चिठ्ठी द्यायचे, मी जायचो." मग जरा थांबून म्हणाला, "ते पेन्सिलीत बघून द्यायचे."

पायाखालची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. मी उठले ती सरळ रेकॉर्ड रूमकडे गेले. शिपाई म्हणाला, "रद्दचा गठ्ठा व्हय? तो बांधून ठेवलाय, उद्या रद्दीवाला येनार हाय." मी त्याला गठ्ठा सोडायला लावला. धुळीत बसून पानं उलटली. एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. रजिस्टर सापडणार नाही याची भीती नव्हती. ते सापडेल आणि त्यात ती वस्ती असेल, याचीच भीती होती.

ती होती. खालच्या गावाच्या ओळीसमोर, समासात, बारीक अक्षरात: वरचा माळ, घरं नऊ, दोन खेपा, आले. शेवटचा शब्द दोनदा पुसून तिसऱ्यांदा लिहिला होता. त्याखाली पुसलेला 'गेले' हा शब्द नीट पाहिला तर वाचता येत होता.

मग मी सगळा समास वाचत गेले आणि म्हाताऱ्याची रीत माझ्या ध्यानात आली. शाईच्या ओळीत काही घालायचं किंवा काढायचं तर प्रस्ताव लागे, साहेबांची सही लागे, जिल्ह्याची मंजुरी लागे. त्यात दोन महिने जात. मेंढपाळांची वस्ती मात्र दिवाळीनंतर उतरते आणि पावसाआधी परत चढते. शाईत ती कशी लिहायची? म्हणून जी माणसं हलत होती ती त्यानं पेन्सिलीत ठेवली. गेली की पुसायचं, आली की लिहायचं. जिल्ह्याला जाणाऱ्या आकड्यात ती नसत, पण गावाच्या खेपांतून दोन खेपा काढून चिठ्ठी त्यांना जाई. सगळं रजिस्टरातच आहे, असं त्यानं सांगितलं होतं ते खोटं नव्हतं. आणि मी दोन खेपा वरच्या माळाच्या म्हणून न देता नकळत खालच्या गावालाच परत जोडल्या होत्या. म्हणून माझी बेरीज जुळली होती.

बोटांवर दिवस मोजले. अकरा झाले होते.

मी तशीच साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, हे लक्षात ठेवा. डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, विवरणपत्र बीडला गेलं. परवा पथक येतंय. आज रजिस्टरात ओळ वाढवली तर आकडा बदलतो. आकडा बदलला तर आधीचा खोटा होता असा अर्थ होतो. मग एकट्या या तालुक्याचं नाही, सगळ्या जिल्ह्याचं कुणी खरं मानणार नाही."

"साहेब, पण पाणी..."

"पाणी पाठवू नका असं मी म्हटलं का? कागद बदलू नका म्हणतोय. पथक जाऊ द्या. सोमवारी प्रस्ताव करा, मी सही करतो."

"सोमवारपर्यंत चार दिवस आहेत."

"मग एखादी खेप वळवा कुठून तरी. पण पथकाच्या रस्त्यावरचं गाव नको. तिथं एक घागर कमी पडली तरी लोक गाडीसमोर बसतील."

त्या आठवड्यात पथकाच्या रस्त्यावर नसलेलं गाव उरलं नव्हतं. लिंबागणेशकडचा रस्ता, पाटोद्याकडचा रस्ता, सगळीकडे ते फिरणार होते. मी टेबलाशी येऊन रजिस्टर उघडून बसले. शेवटची ओळ होती शासकीय निवासस्थाने. आमची वसाहत. साहेबांचा बंगला, आमच्या खोल्या, पोलीस लाइन. दर शुक्रवारी एक खेप.

मी चिठ्ठी फाडली. अनुक्रमांक वसाहतीचा लिहिला, नाव वसाहतीचं लिहिलं, सही केली. माझ्या आयुष्यात मी कागदावर जाणूनबुजून लिहिलेलं खोटं तेवढंच. चिठ्ठी बाहेर थांबलेल्या मामाच्या हातात दिली आणि म्हटलं, "मामा, उद्याची खेप आजच भरा. गाडी वरच्या माळावर न्यायची आहे. मी येते."

त्यांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं. "बाई, साहेबाच्या घरातल्या बाईसाहेब माझं कातडं सोलतील."

"तुमचं नाही. माझं सोलतील. तुम्ही चिठ्ठी बघून गाडी हाणता ना?"

"हां, ते बी खरं," म्हणाले आणि गाडी काढली.

टँकरच्या केबिनमध्ये बसून मी पहिल्यांदाच चालले होते. ऊन उतरणीला लागलं होतं. घाट चढताना गाडी इतकी हळू चालायची की मला उतरून पळत सुटावंसं वाटे. मामा काहीतरी बोलत होते, संघ बुडणार, गाई गेल्या, पुढच्या वर्षी ड्रायव्हरला कोण ठेवणार. मी हं हं करत होते. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. नऊ घरं, घरात पाच-सहा माणसं, अकरा दिवस, आणि तो झिरा. काही झालं असेल तर ते कुठंच लिहिलेलं नसणार. दवाखान्याच्या यादीत वस्ती नाही, तलाठ्याकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. तिथं चार माणसं गेली असती तरी पथकाला दाखवायच्या माझ्या इंग्रजी कागदावरचा एकही आकडा हलला नसता. ही गोष्ट मला त्या घाटात कळली आणि ती अजून मला भिववते.

माळावर पोचलो. मेंढपाळांच्या वस्तीवर परकी गाडी आली की कुत्री अंगावर येतात, हे मला माहीत होतं. कुत्री आली नाहीत. दोन सावलीत पडून होती, त्यांनी मानही उचलली नाही. वाघुराच्या जाळीत थोडी मेंढरं उभी होती, एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून. मामांनी हॉर्न वाजवला. बराच वेळ कोणी बाहेर आलं नाही. मी केबिनचं दार उघडून झोपड्यांकडे बघत बसले.

मग एका झोपडीतून एक म्हातारी बाहेर आली. कमरेत वाकलेली. कपाळावर हात आडवा धरून तिनं टँकर पाहिला, मग मला पाहिलं.

"आमी हाव का न्हाई ते बघाया आल्या व्हय, बाई?"

मामा म्हणाले, "म्हातारे, भांडी काढ आधी. मग शिव्या घाल."

माणसं बाहेर यायला लागली, पिंप, घागरी, डबे घेऊन. मी मोजत होते. अशा वेळीही मी मोजत होते. कचेरीत आलेला तो माणूस दिसेना. मी म्हातारीला त्याच्याविषयी विचारलं तर तिनं नुसतं मागं बोट केलं.

तो झोपडीत बायकोच्या उशाशी बसला होता. तिला दोन दिवसांपासून जुलाब-उलट्या होत होत्या. मी आत वाकून पाहिलं. डोळे खोल गेलेले, ओठांवर पांढरी साय. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. वस्तीत आणखी तिघांना होत होतं, पण ते तिघं उठून बसत होते. ही बसत नव्हती.

त्यानं मला ओळखलं. पाहून म्हणाला, "सापडली व्हय नोंद?"

टोमणा होता की खरंच विचारत होता, मला कळलं नाही. मी म्हटलं, "सापडली. माझ्याकडून राहिली होती."

माझ्याकडून, हा शब्द मी कचेरीत साहेबांपुढे उच्चारला नव्हता. तिथं नुसतं, नोंद राहिली आहे, असं म्हटलं होतं. त्यानं मान हलवली. बायकोला उचलायला लागला.

मामांनी टँकर लवकर रिकामा केला. तिला केबिनमध्ये घेतलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर, पाय नवऱ्याच्या. घाट उतरताना तिचा श्वास चालू आहे का ते मी सारखं तिच्या तोंडाजवळ हात नेऊन पाहत होते. एका वळणावर मला काही जाणवेना. मी मामांना गाडी थांबवा म्हणून ओरडले. त्यांनी थांबवली, मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "चालू हाय, बाई. तिचं पोट बघा, हलतंय."

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला लगेच सलाइन लावलं. शीर सापडत नव्हती, चार ठिकाणी सुई घातली. मला म्हणाले, "आणखी अर्धा दिवस गेला असता तर आणायची गरज नव्हती. आताही सांगता येत नाही." माळावर औषधाच्या पुड्या घेऊन त्यांनी माणूस पाठवला. केसपेपरवर पत्ता लिहायला कंपाउंडर विचारू लागला, "गाव?" नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं, "वरचा माळ लिहा."

घरी गेले तर तुमच्या आजोबांनी विचारलं, "उद्याचा वसाहतीचा टँकर आजच भलतीकडं गेला म्हणे?" उद्या टँकर येणार नाही, एवढंच मी सांगितलं. शनिवारी पथक आलं. पांढऱ्या गाड्या, फायली, फोटोग्राफर. एका अधिकाऱ्यानं माझं विवरणपत्र हातात घेऊन इंग्रजीत विचारलं, हे कोणी केलं. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. तो म्हणाला, या दौऱ्यात इतका स्वच्छ कागद आम्ही पाहिला नाही. मी उभी होते, आणि तिकडे दवाखान्यात दुसरं सलाइन संपत आलं असेल, एवढंच मला सुचत होतं. त्यानं कागदातलं काही विचारलं असतं तर मी सगळं बोलून टाकलं असतं, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिले. त्यानं विचारलं नाही. मी बोलले नाही.

रविवारी सकाळी मी दवाखान्यात गेले. दारापर्यंत गेले आणि आत जायचं धैर्य होईना. व्हरांड्यात उभी राहिले. तो माणूस बाहेर आला, बिडी पेटवायला. मला पाहून बिडी कानावर ठेवली.

"बसलीय," म्हणाला. "चहा मागतीय. मी म्हनलं डाक्टर रागवंल."

मग मी आत गेले.

सोमवारी मी प्रस्ताव केला आणि त्यासोबत एक टिपण जोडलं. नवं रजिस्टर करताना मी समासातल्या नोंदी वगळल्या, त्यामुळे एका वस्तीला अकरा दिवस पाणी गेलं नाही, आणि माळाच्या खेपेच्या चिठ्ठीवर मी वसाहतीचं खोटं नाव लिहिलं, असं सरळ लिहिलं. साहेबांनी प्रस्तावावर सही केली. टिपण दोनदा वाचलं. म्हणाले, "हे काढून घ्या. कोणी विचारलेलं नाही." मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी राहू दिलं. पुढं रोज टपाल आलं की मी आधी माझ्या नावाचा लखोटा शोधायचे, आज खुलासा मागतील, आज निलंबन येईल. काहीच आलं नाही. ना कधी कोणी ते वाचलं, ना त्यावर शेरा आला. शिक्षा झाली नाही याचं मला कधी बरं वाटलं नाही. उलट तेव्हापासून भीती पक्की झाली. एवढं होऊनही कागदाला काहीच कळत नाही, याची.

टपालाची वाट बघण्याच्या त्या दिवसांत मी वडवणीला जाऊन भाऊसाहेबांना भेटले होते. सगळं सांगितलं. ते अंगणात बाजेवर बसले होते. म्हणाले, "चूक माझीच, बाई. मला वाटलं, पेन्सिल बघून इचाराल." मी म्हटलं, "मला वाटलं, महत्त्वाचं असतं तर शाईत असतं." सूनबाईंनी चहा आणला.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी कुठल्याही यादीतली एकही ओळ, त्या ओळीतल्या माणसाला किंवा ती लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय काढली नाही. माझं काम त्यामुळे नेहमी मागं पडे. बढती उशिरा मिळाली. अजूनही मतदारयादी आली, रेशनची यादी लागली, की मी आधी सुटलेली नावं शोधते. कधी झोपेत घाट चढते आणि वर कुत्री भुंकत नाहीत.

थोरले, तुझ्या यंत्रात समास असतो का, मला माहीत नाही. कशालाच न जुळणारं असं जे काही तुझ्यासमोर येईल, ते कोणी लिहिलं, हे एकदा शोधून बघ. फोन करून विचार. लोक चिडतील, चिडू देत.

ते जुनं रजिस्टर राहिलं नाही. कचेरी नव्या इमारतीत गेली तेव्हा बाकीच्या गठ्ठ्यांबरोबर तेही रद्दीत गेलं. माझं टिपणही त्यातच गेलं असणार. दूध संघ बंद पडला. मामा वारले, साहेब वारले, भाऊसाहेब तर केव्हाच.

वस्ती आहे. आता तिथं घरं पक्की आहेत, मेंढरं थोडी उरली आहेत आणि टाकीला नळ आहे. ती बाईही आहे. गेल्या दिवाळीत तिच्या नातीनं तिला फोन लावून दिला होता. गुडघे दुखतात म्हणाली.